पिवळा अर्क

३ मार्च

काचघरातल्या कुंड्यांना आज फुलं आली. वीतभर झाड, त्यावर जांभळट गुलाबी, मागे शेपटीसारखी लांबलेली फुलं. मला फुलांशी काही घेणं नाही. माझं काम मातीखालच्या कंदाशी. गोटीएवढा कंद, कापला की आतून पिवळाधमक. चिनी वैद्य त्याला यान्हूसुओ म्हणतात आणि शेकडो वर्षं दुखण्यावर देत आलेत. व्हिनेगरात उकळायचा, वाळवायचा, कुटायचा, त्याचा काढा करायचा. मी त्याच काढ्याचं सार काढते. आटवत आटवत, गाळत गाळत, शेवटी बाटलीत उरतो तो पिवळा अर्क. त्यांच्या ओंजळभर काढ्याचं बळ माझ्या चमचाभरात. सगळ्या लॅबला व्हिनेगरचा वास येतो आणि मलाही येतो म्हणे. येऊ दे.

साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, आज नवीन पॅथॉलॉजिस्ट आणून उभी केली. प्रयोग संपल्यावर उंदरांचे अवयव कापायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि औषधानं कुठे इजा झाली का ते सांगायचं, हे तिचं काम. वय माझ्या निम्मं असेल. फुलं बघून म्हणाली, "किती नाजूक आहेत ना, मॅडम." मी म्हटलं, आपण इथं गजरे करत नाही.

अंगानं बारीक, ताठ, डोकं तेवढं मोठं. मी तिचं नाव टाचणी ठेवलं. टोचेल, असं पहिल्या भेटीतच वाटलं.

८ मार्च

छान दिवस. छान म्हणजे दुपारपर्यंत.

गरम तबकडीचा प्रयोग पुन्हा केला. उंदराला कोमट तबकडीवर ठेवायचं, हळूहळू ती तापते, पाय चाटायला लागला की लगेच उचलायचं. अर्क घेतलेले उंदीर शेजारच्यांपेक्षा कितीतरी वेळ निवांत बसतात. सुस्तावलेले नसतात, कान टवकारतात, मिशा हलवतात, फक्त दुखत नाही. अनेक वर्षं मी ह्यासाठी घासलीयत.

दुपारी सगळ्यांसमोर टाचणीनं विचारलं, "हा डोस काढ्याच्या किती पट आहे?"

"लागतो तितका."

लोक हसले. ती नाही हसली. म्हणाली, वैद्य हा कंद थोडे दिवस देतात, तोही दुसऱ्या मुळ्यांबरोबर. आपण एकट्याचं सार काढून सतत पाजतोय, म्हणून विचारलं.

कालची आलेली, उंटावरून शेळ्या हाकायला लागली. कढईसमोर उभं राहून डोळ्यांची आग मी करून घ्यायची आणि हिनं स्टुलावर बसून अक्कल शिकवायची.

१५ मार्च

उजवा खांदा हिवाळ्यापासून आखडलाय. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल घ्यावं लागतं, केस डाव्या हातानं विंचरते आणि मग दिवसभर गवताच्या गंजीसारखी हिंडते. डॉक्टर म्हणाले, आपोआप सुटेल, वर्ष-दोन वर्षं जातील. वा. असं सांगायला मीही फी घेतली असती.

आज छोटी बाटली घरी आणली. ही चोरी नव्हे. अर्क माझा, कढई माझी, खांदाही माझाच. रीतसर माणसांवर प्रयोग करायचा तर समिती, तिची उपसमिती, आणि तिथं पुन्हा टाचणी. पूर्वीचे वैद्य आधी स्वतः चाखायचे आणि मग दुसऱ्याला द्यायचे. तेव्हा कुणी अर्ज मागत नव्हतं.

दोन चमचे, कोमट पाण्यातून. कडू, आंबट, मातकट.

संध्याकाळी हात वर गेला. सरळ वर. स्वयंपाकघराच्या मधोमध छताकडे बोटं करून मी उभी राहिले, आणि दुकानातून आलेले हे म्हणाले, "शपथ घेतेयस का कसली?"

ह्यांना काही सांगितलं नाही. रंगाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला कंदातले अल्कलॉइड कुठून समजावायचे?

२२ मार्च

सासूबाईंना कळलं. ह्या घरात त्यांच्यापासून काही लपत नाही. ऐंशी वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत, पण नाक शाबूत. भांडी घासायच्या आधी माझा पेला हुंगला.

"व्हिनेगर का पितेस?"

सांगावं लागलं. मग त्या म्हणाल्या, मलाही दे. रोज जिना उतरताना मी देवाला नाही, कठड्याला नमस्कार करते. दे थोडं.

मी नाही म्हटलं. अजून सिद्ध झालेलं नाही, तुमचं वय झालंय, काही झालं तर? सगळं खरंच होतं. पण खरं कारण निराळं, इथं लिहायला काय हरकत. ह्या बाईनं तीस वर्षं माझ्या कामाला "ती उंदरांची नोकरी" म्हटलंय. सोयरेमंडळींत माझी ओळख करून देताना म्हणतात, "आमची सून, ही उंदरं मारते." आता त्याच उंदरांच्या कामातलं औषध पाहिजे. म्हटलं, बसा जरा वाट बघत.

त्या म्हणाल्या, "तुझ्या उंदरांना मिळतं. मला नाही."

आणि पाठ फिरवून गेल्या. कठड्याला धरून.

५ एप्रिल

टाचणी टोचली. अपेक्षेप्रमाणे.

जास्त काळ अर्क घेतलेल्या गटातल्या उंदरांची लिव्हर सुजलीय म्हणे. पेशी फुगल्यात, काही मेल्यात. स्लाइड समोर ठेवून म्हणाली, बघा. मी बघितलं. गुलाबी रंगात थोडे फिके डाग. असे डाग खायच्या दाण्याला बुरशी लागली तरी पडतात, उंदरांची जात नाजूक असली तरी पडतात, आणि रंग नीट धुतला नाही तरीही पडतात. मी हे सगळं तिला सुनावलं. ती प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत गेली. दाणे तपासले. पाणी पाजलेल्या उंदरांची लिव्हर स्वच्छ आहे, जात तीच. स्लाइडचा दुसरा संच केला. मला अशी शांत माणसं आवडत नाहीत. भांडायचं तर आवाज चढव की.

"तुम्हाला वाटतं माझी पद्धत चुकली," ती म्हणाली. "मला वाटतं आपण प्रयोग थांबवून डोस कमी करून बघावा."

थांबवून. तोंड वर करून म्हणते, थांबवून. ह्या महिनाअखेरीस मोठी बैठक आहे आणि बाहेरची मंडळी येणार आहेत. तिला ते ठाऊक आहे. आयत्या बिळावर नागोबा व्हायचंय, पण बिळात मी अजून जिवंत आहे ना, ही तिची अडचण.

काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं म्हणतात, तशातली गत आहे हिची. जिथं तिथं इजा दिसते.

खांदा उत्तम. काल माळ्यावरची ट्रंक एकटीनं उतरवली.

११ एप्रिल

घरात जेवण नकोसं झालंय. सासूबाई मुद्दाम तळण काढतात, असं माझं मत आहे. तेलाचा वास आला की पोट ढवळतं. हे म्हणाले, आईनं तर आज चूलही पेटवली नाही, शेजारच्यांकडून येत असेल. म्हणजे शेजारीही सामील.

अंगाला खाज सुटते. साबण बदलला. तळहात, तळपाय, पाठ. कंगव्याची मागची बाजू पाठीला चांगली पोचते, खांदा सुटल्याचा हा एक फायदा.

थकवा खूप. का नसेल? दिवसभर माझ्यामागे ती डोळे लावून असते.

१६ एप्रिल

आज तिनं हद्द केली.

हात धुवायच्या मोरीपाशी माझ्याजवळ आली, आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला बरं नाही का? एकदा रक्त तपासून घ्याल?" आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली. बोलताना बघतात तसं नव्हे. स्लाइड बघतात तसं.

डाव माझ्या लक्षात आला. बैठकीच्या आधी पसरवायचं की मॅडमची तब्येत ठीक नाही, डोकं ठिकाणावर नाही, काम झेपत नाही. आधी आपुलकीनं विचारायचं, मग साहेबांच्या कानावर घालायचं. माझ्या आधीच्या मॅडमना ह्याच रस्त्यानं घरी पाठवलं होतं लोकांनी. मी तेव्हा नवी होते, गप्प बसून बघत होते. आता मला कोण बघत बसेल?

म्हटलं, "तुम्ही उंदरांपुरतं बघा."

जागेवर जाऊन तिच्याविरुद्ध अर्ज लिहिला. कामात निष्काळजीपणा, वरिष्ठांशी उद्धट वागणूक, प्रकल्पात अडथळा. उद्धट शब्द लिहिताना जरा थांबले, कारण ती कधीच उद्धट बोललेली नाही. पण दुसरा शब्द सुचला नाही. अर्ज दिला.

२० एप्रिल

सकाळी मी खिडकीत बसून चहा पीत होते. पीत कसली, पेला धरून बसले होते. हे दुकानाची किल्ली शोधत आले आणि समोर थबकले.

म्हणाले, "तुझा रंग बदललाय."

"उन्हाचा असेल."

"उन्हानं माणूस तांबूस होतो, काळवंडतो. हा तो नाही." मान तिरकी करून, गिऱ्हाइकाला रंगाचं कार्ड दाखवताना करतात तशी, बघत राहिले. "पांढऱ्यात थेंबभर पिवळा पडला की डबा वाया जातो बघ. तो आहे हा."

भिंती रंगवायच्या त्या रंगवा, मला कशाला न्याहाळता, असं मी ओरडले. आतून सासूबाई म्हणाल्या, सकाळी सकाळी का भुंकताय? हे किल्ली न घेताच गेले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. परत आल्यावरही पुन्हा एकदा बघितलंच.

तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं तर हे दिसलं.

लघवी गडद होते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी होतेच.

२६ एप्रिल

जिंकले.

बैठकीआधी टाचणीनं मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. हातात फाइल नव्हती, काही नव्हतं. म्हणाली, "एकच विचारते. तुम्ही स्वतः अर्क घेताय का?"

"नाही."

तिच्या तोंडावर, डोळ्याला डोळा देऊन म्हटलं. तिनं पुन्हा माझ्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाली, "मग माझं चुकलं. माफ करा." मान खाली घालून आत गेली.

बैठकीत तिनं स्लाइड दाखवल्या, मी बुरशीची गोष्ट सांगितली, आणि पाहुण्यांना तबकडीवर निवांत बसलेला उंदीर दाखवला. माणसांना निवांत उंदीर आवडतो. सुजलेली लिव्हर कुणाला बघायची असते? शेवटी साहेबांनी माझा अर्ज पुढ्यात ओढला आणि तिला प्रकल्पातून काढलं. उद्यापासून तळमजल्यावर सांडपाणी तपासायचं.

ती उठली. सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं, कडा नीट दुमडल्या आणि गेली.

खांदा आज थोडा कुरकुरतोय, ताणानं असेल. एक चमचा जास्त घेतला.

२७ एप्रिल

दिवसभर उलट्या. विजय पचत नाही म्हणतात तो हा.

३ मे

लॅबमधून पुन्हा भरून आणलेली बाटली लवकर रिकामी होतेय, हे आठवडाभर खटकत होतं. आधी ह्यांच्यावर संशय घेतला. रंगात काही मिसळून बघतात की काय, असंही वाटून गेलं. टाचणीवरही घेतला, जणू ती भिंत चढून माझ्या स्वयंपाकघरात येणार.

आज रजा होती. सकाळी जिन्यावर पावलं वाजली. आमच्या जिन्यावर पावलं अशी वाजत नाहीत. एक पाय, मग कठडा, मग दुसरा पाय, मग उसासा, असा सासूबाईंचा ठेका असतो. आज पावलं सलग वाजली. दार उघडलं तर सासूबाई पिशवी घेऊन वर आलेल्या. दोन्ही हातांत सामान. कठड्याला हातही लावलेला नव्हता.

विचारायची गरज नव्हती तरी विचारलं.

"घेते," त्या म्हणाल्या. "तू नाही म्हणालीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तू कामाला गेलीस की."

"किती?"

"मला काय माहीत? कधी झाकणभर, कधी घोटभर. दुखेल तसं."

मी लिहितेय ते जसंच्या तसं लिहिते. पहिल्यांदा मला आनंद झाला. राग नव्हे, आनंद. माणसांवर चालतं. एकावर नाही, दोघांवर. ऐंशी वर्षांची बाई जिना चढली. टाचणीला तळमजल्यावर जाऊन ओरडून सांगावं, असं वाटलं.

मग सासूबाईंनी सामान ठेवलं आणि गॅलरीत खुर्चीवर बसल्या. ऊन तोंडावर येत होतं. त्यांनी डोळे किलकिले करून माझ्याकडे बघितलं, आता ही बोलणार म्हणून तयारीत. आणि मला त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसला.

पांढरा नव्हता.

जवळ गेले. पापणी खाली ओढली. त्यांनी माझा हात झटकला. पुन्हा ओढली. कापलेल्या कंदाचा रंग. अगदी तोच.

"काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "तुझे तर कधीचे झालेत. मला वाटलं तुला माहीत आहे."

मी मोरीवरच्या आरशासमोर गेले. रोज ह्याच आरशात केस विंचरते.

मग बाटली ओतून टाकली. मग आठवलं की डॉक्टरांना तपासायला काही लागेल, आणि मोरीच्या जाळीवर बोट ठेवून थांबवायला बघितलं. खूप उशीर झाला होता.

९ मे

रुग्णालय. एकच खोली, दोन खाटा. देवाला विनोद कळतो.

माझे लिव्हरचे आकडे सासूबाईंपेक्षा वाईट आहेत. डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला तेव्हा मला ते उंदराचे असते तर बरं झालं असतं, असं वाटलं. त्यांनी विचारलं, नेमकं काय घेतलंत, त्यानं जनावरात काय झालं, किती दिवसांत, थांबवल्यावर सुधारतं का? मला काहीच सांगता आलं नाही. मी ते बघितलंच नव्हतं. ज्या बाईनं बघितलं, तिला मी सांडपाण्यात पाठवलं होतं.

काल सासूबाई बरळायला लागल्या. हे खाटेशी बसले होते, त्यांना म्हणाल्या, "तुम्ही कोण? माझा मुलगा कुठाय?" हे बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मग त्यांची मान माझ्याकडे वळली. मला म्हणाल्या, "तू पाणी उकळून ठेवलंस का? की आज पण उंदरं मारायला गेली होतीस?"

पोटच्या मुलाला ओळखलं नाही. मला ओळखलं.

मी टाचणीला फोन केला.

१० मे

ती आली. फळं नाहीत, फुलं नाहीत, बरं आहे का, हेही विचारणं नाही. डॉक्टरीणबाईंशी आधी बोलली, बराच वेळ. अर्क बंद केलेल्या उंदरांचा एक छोटा गट तिनं ठेवला होता, माझ्या नकळत. त्यांतले बहुतेक सुधारले होते. हे तिनं डॉक्टरांना सांगितलं, मला नाही. मी ऐकलं.

मग खुर्ची ओढून माझ्याशी बसली.

"किती घेत होतात?"

सांगितलं.

"कधीपासून?"

सांगितलं.

"मी कॉरिडॉरमध्ये विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात." आवाज चढला नाही, पण हात मांडीवर घट्ट आवळलेले. "मला डोळे दिसत होते. माझं कामच ते आहे. तरी मी स्वतःला सांगितलं, एवढी मोठी बाई, तोंडावर खोटं कशाला बोलेल, दुसरं काही दुखणं असेल. मी तुमच्यावर विश्वास ठेवला. ह्या सगळ्यात माझी चूक काय झाली असेल तर ती तेवढी."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती उठली.

"ते नंतर. आधी ह्या आजींचा डोस काय होता, ते सांगा."

"झाकणभर. कधी घोटभर," मी म्हटलं.

तिनं ते टिपून घेतलं. मग सासूबाईंच्या खाटेपाशी जाऊन त्यांची पापणी उघडून बघितली. सासूबाई म्हणाल्या, "हळू गं." तिला मात्र हळू गं.

१६ मे

सासूबाई शुद्धीवर. ह्यांना ओळखलं, दुकान बंद का ठेवलंस म्हणून रागावल्या. हे हसता हसता रडले, आणि सोबतच्या नर्सला भिंतीचा रंग कुठल्या छटेचा आहे ते समजावत बसले, उगाच.

माझे आकडे उतरतायत. जेवण जातं.

खांदा पुन्हा आखडलाय.

२ जून

साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, अर्जातला निष्काळजीपणा खोटा होता हेही. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. म्हणाले, तुम्ही बऱ्या झालात ना, सासूबाई बऱ्या आहेत ना, मग झालं गेलं गंगेला मिळालं. प्रकल्प गुपचूप बंद करू. बाहेर कशाला?

मी म्हटलं, बाहेरच. सगळं छापायचं. उंदीर, स्लाइड, आम्ही दोघी सासूसुना. उद्या दुसरं कुणी ह्या कंदाचं सार काढेल आणि खांद्यासाठी घेईल.

"तुमचं पद राहणार नाही."

"नाही राहणार."

मोठ्या तोऱ्यात बोलले, आणि बाहेर आल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. येणारेजाणारे बाजूनं जात होते. कुणी विचारलं नाही. मी माणसं जोडलीच कुठे होती?

टाचणी परत वर आली. प्रकल्प आता तिच्याकडे, बंद करण्यापुरता का होईना. मला टेबलाचं टोक मिळालंय. तिनं साहेबांना लेखी कळवलंय की हा निबंध संपल्यावर तिला माझ्याबरोबर काम करायचं नाही. मला ती प्रत दाखवली. मागून वार करणाऱ्यातली नाही, हे तिचं आणखी एक न आवडणारं वैशिष्ट्य.

२१ जून

निबंधाचा शेवटचा भाग झाला. त्यात दोन माणसं आहेत. पहिली, पन्नाशीची स्त्री, संशोधक, अर्क स्वतःहून घेतला. दुसरी, ऐंशी वर्षांची स्त्री, अर्क परवानगीशिवाय घेतला. दोघींची कावीळ, दोघींचे आकडे, दोघींची सुधारणा.

दुपारी घरी सासूबाई म्हणाल्या, माझ्याबद्दल काय लिहिलंयस ते वाचून दाखव. वाचलं. ‘परवानगीशिवाय’ ह्या शब्दावर त्यांनी नाक मुरडलं. गुडघे चोळत होत्या. रुग्णालयातून आल्यापासून जिना पुन्हा बंद. खाली काय चाललंय ते गॅलरीतून बघतात.

वाचून झालं तरी त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"संपलं?"

"संपलं."

"आणि माझं दुखायचं थांबलं होतं ते?"

मी म्हटलं, ते आता महत्त्वाचं नाही, तुम्ही मरता मरता वाचलात.

"महत्त्वाचं नाही कसं?" त्या म्हणाल्या. "गुडघे तुझे आहेत की माझे? महिनाभर मी बाजारात गेले. एकटी. भाजी हातानं निवडून आणली. पिवळी झाले, मरणार होते, सगळं लिही. पण ते पण लिही. नाहीतर लोकांना वाटेल, म्हातारीला चळ लागला म्हणून विष पीत होती."

मी कागद पुन्हा शेवटपर्यंत वाचला. मग टाचणीला फोन केला. एक ओळ राहिलीय म्हटलं, आणि सांगितली. दोन्ही स्त्रियांच्या वेदना अर्क घेत असेपर्यंत जवळजवळ थांबल्या होत्या.

मला वाटलं, आता म्हणेल, अजूनही औषधाची बाजू घेताय का?

"बरोबर आहे," ती म्हणाली. "ते माझ्याकडूनही राहिलं. मी फक्त लिव्हर बघत होते. घालते." आणि पुढे, "आजींना विचारा, किती दिवस बाजारात गेल्या? नक्की लिहू."

विचारलं. सासूबाईंनी आठवून आठवून सांगितलं, कुठल्या दिवशी काय आणलं त्यासकट. मी फोनवर एकेक सांगत गेले, ती लिहून घेत गेली. संपल्यावर तिनं फोन ठेवला. तब्येत कशी आहे, असं तिनं विचारलं नाही. मीही थँक्यू म्हटलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "लिहिलं का तिनं?"

"लिहिलं."

"मग आता गुडघ्याला तेल लाव."

लावलं. डाव्या हातानं.